उंदराचा एक पुठ्ठा काढला तर?

मे महिन्यातली दुपार, सोलापुरातल्या अक्कलकोट रोडची एमआयडीसी, पत्र्याची शेड. बाहेर पारा ४४ च्या पुढे. आत पंखे गरम वारा इकडून तिकडे ढकलत होते आणि माग खडाखड चालू होते. तिथले अण्णा जॉबर आहेत. माग बिघडला की सगळे त्यांनाच हाक मारतात, चाळीस वर्षं हेच काम. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो हे त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे मी दिसलो की त्यांचा मोबाइल पुढे येतो. या वेळी व्हॉट्सॲपवर फिरत आलेला मजकूर असा होता की शास्त्रज्ञ जनुकं बदललेले उंदीर तयार करतात आणि त्यांच्या पेशींना ताण देतात.

"सर, आता उंदरालाबी टेन्शन द्यायलेत म्हणं. ह्यांना दुसरं काम नाही का ओ?"

मागाच्या आवाजात ओरडून जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. उरलेलं इथे लिहितो, कारण हा प्रश्न अण्णांच्या एकट्याचा नाही.

## हा ताण कोणता?

इथे टेन्शनचा काही संबंध नाही. उंदराला कर्जाचा हप्ता भरायचा नसतो. पेशीचा ताण म्हणजे पेशीच्या आतल्या कामकाजाची घडी विस्कटणं, आणि घडी हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा.

प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ आठवते. पण पेशीतली बहुतेक कामं करणारे कामगारही प्रथिनंच असतात. प्रत्येक प्रथिन आधी लांबलचक साखळीसारखं तयार होतं आणि मग ठरावीक पद्धतीनं घडी घालून आपला आकार घेतं. आकार बरोबर असेल तरच ते कामाचं. घडी चुकली की ते निरुपयोगी होतं, वर एकमेकांना चिकटून गोळे बनवतं. अंडं उकडल्यावर पातळ पांढरा बलक घट्ट होतो, तो याच प्रकारानं: उष्णतेनं घड्या मोडल्या आणि प्रथिनं एकमेकांत अडकली. ते अंडं गार केलं म्हणून पुन्हा पातळ होत नाही.

घडी उष्णतेनं बिघडते, तशी विषाणूनं, प्राणवायू कमी पडल्यानं, उपासमारीनं किंवा नुसत्या कामाच्या बोज्यानंही बिघडते. पेशीला हे कळतं आणि ती उपाय करते. त्या उपायांना 'ताण-प्रतिसाद' म्हणतात.

याचा शोध लागला तो एका गडबडीतून. इटलीत फेरूच्चो रितोसा फळमाश्यांवर काम करत होते. कुणीतरी त्यांच्या उबवणपेटीचं तापमान वाढवून ठेवलं. तापलेल्या माश्यांच्या लाळग्रंथीतल्या गुणसूत्रांवर नवेच फुगवटे दिसले. गुणसूत्राचा फुगवटा म्हणजे तिथली जनुकं जोरात कामाला लागल्याची खूण. एका नामांकित नियतकालिकानं हा शोधनिबंध साभार परत पाठवला, तो १९६२ मध्ये दुसरीकडे छापून आला. त्या फुगवट्यांतून तयार होणारी प्रथिनं इतरांच्या मोडलेल्या घड्या पुन्हा घालून देतात, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

## टाकीत तळाला पाणी उरलं की

सोलापूरकराला पुढचा भाग समजावून सांगायची फारशी गरज नाही. वर्षानुवर्षं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येत आलंय. चौथ्या दिवशी टाकी खडखडाट करायला लागली की घरात न बोलता काही गोष्टी घडतात. कपडे धुणं बंद. गाडी धुणं तर विषयच नाही. पिण्याचं पाणी झाकून वेगळं. एखादी बादली मात्र टँकरवाल्याला फोन लागेपर्यंत नेमक्या कामासाठी राखून ठेवलेली.

पेशी हेच करते. नवी प्रथिनं बनवायला भरपूर शक्ती लागते आणि आधीच घड्या बिघडलेल्या असताना नवा माल ओतणं म्हणजे गोंधळात भर. म्हणून पेशी एक मुख्य कळ दाबते आणि बहुतेक उत्पादन मंदावतं. चार वेगवेगळे पहारेकरी ही कळ दाबू शकतात. एक विषाणूवर नजर ठेवतो, एक प्रथिनांच्या कच्च्या मालावर, एक रक्तातल्या लोहयुक्त घटकावर आणि चौथा घडी घालण्याच्या खात्यावर. या चौथ्याचं नाव पर्क. लेखात पुढे हेच एक नाव लक्षात ठेवलं तरी पुरे.

गंमत अशी की सगळं मंदावलं तरी काही मोजकी प्रथिनं नेमकी याच वेळी जास्त बनतात. ती दुरुस्तीची असतात. राखून ठेवलेली बादली म्हणतो ती हीच.

आणि पाणी आलंच नाही तर? तर पेशी स्वतःला संपवते. शरीराच्या हिशेबानं कायमची बिघडलेली पेशी बाळगण्यापेक्षा ती गेलेली बरी. अडचण सुरू होते ती इथे, कारण मेंदूतल्या किंवा इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी गेल्या तर सहजासहजी नव्या येत नाहीत.

## मग उंदीर कशाला? काचेच्या ताटलीत पेशी वाढवता येतात ना?

येतात, आणि बरंचसं काम तिथेच होतं. घडी घालण्याच्या खात्यातून पेशीच्या केंद्रकापर्यंत निरोप कसा जातो, हे पीटर वॉल्टर आणि काझुतोशी मोरी यांनी यीस्टवर शोधलं. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारी बुरशी. त्याबद्दल दोघांना २०१४ मध्ये लास्कर हा वैद्यकीय संशोधनातला मानाचा पुरस्कार मिळाला.

पण ताटलीतल्या पेशीला जेवण झाल्यावर वाढणारी साखर माहीत नसते. तिला वय नसतं, शेजारी नसतात. एखादा पहारेकरी यकृतात बिनमहत्त्वाचा आणि स्वादुपिंडात जीव की प्राण असू शकतो, हे फक्त अख्ख्या जिवंत शरीरातच दिसतं. उंदीर सस्तन आहे, सुमारे तीन आठवड्यांत वितो, पिल्लू सहा ते आठ आठवड्यांत वयात येतं. २००२ मध्ये उंदराचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं की त्याच्या सुमारे ९९ टक्के जनुकांना माणसात कुणी ना कुणी नातेवाईक जनुक आहे.

## पुठ्ठ्याची गोष्ट

अण्णांना मी इथे त्यांच्याच डोक्यावरचं उदाहरण दिलं. चादरीच्या मागावर वर जकार्ड बसवलेलं असतं आणि त्यातून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. जिथे भोक, तिथे सुई आत जाते, आकडा उचलला जातो आणि त्याच्या खालचा ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. जिथे भोक नाही तिथे धागा खालीच. एका पुठ्ठ्यावर आडव्या धाग्याची एक ओळ. असे शेकडो पुठ्ठे फिरले की चादरीवर मोर उमटतो. आता काही ठिकाणी संगणकावर चालणारी जकार्ड आली आहेत, पण अण्णांचा जीव पुठ्ठ्यातच.

समजा मोराच्या पिसाऱ्यातली एक रेघ कोणत्या पुठ्ठ्यामुळे येते ते शोधायचंय. सरळ उपाय म्हणजे एक पुठ्ठा काढा, माग चालवा आणि चादर बघा. डोळा गेला, पिसारा तुटला की कळलं.

जनुक म्हणजे असा पुठ्ठा समजा. उंदराच्या गर्भातून एक नेमकं जनुक काढून टाकायचं, पिल्लू जन्मू द्यायचं आणि कुठे काय बिघडतं ते पाहायचं. अशा उंदराला 'नॉकआउट' म्हणतात. ही युक्ती बसवल्याबद्दल मारिओ कापेची, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ चं नोबेल मिळालं. जुन्या पद्धतीत बदललेल्या मूळपेशी, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी, दुसऱ्या उंदराच्या कोवळ्या गर्भात सोडतात. मूळपेशी तपकिरी उंदराच्या आणि गर्भ काळ्या उंदराचा असेल, तर जन्मणारं पिल्लू तपकिरी-काळ्या ठिगळांचं असतं आणि काम जमल्याचं अंगावरच दिसतं. त्याची पुढची वीण करून बदल स्थिर करतात. आता क्रिस्पर नावाची जनुक-कात्री आली आहे. तिला २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. महिन्यांची कामं तिनं आठवड्यांवर आणली.

उपमा इथपर्यंतच ताणावी. पुठ्ठा एकाच ओळीचा असतो. जनुक मात्र यकृतात एक आणि मेंदूत दुसरंच काम करू शकतं. म्हणून आता फक्त एका अवयवात किंवा उंदीर मोठा झाल्यावरच जनुक बंद होईल अशी सोयही करतात. काही उंदरांत तर ताणाखालची पेशी चमकेल अशी व्यवस्था असते. जपानी संशोधकांनी २००४ मध्ये असे उंदीर दाखवले. त्यांच्या ज्या पेशींत घडीचा गोंधळ चालू, त्या सूक्ष्मदर्शकाखाली उजळतात.

## पर्क नसलेल्या उंदराला काय झालं?

मला स्वतःला हा सगळ्यात बोलका प्रयोग वाटतो, म्हणून जरा थांबतो.

डेव्हिड रॉन आणि हेदर हार्डिंग यांच्या गटानं पर्क काढलेले उंदीर तयार केले. पर्कसारखा पहारेकरी शरीरभर असतो, त्यामुळे अंगभर पडझड होईल असं कुणालाही वाटलं असतं. पिल्लं जन्मली आणि सुरुवातीला ठीकठाक दिसली. मग काही आठवड्यांत त्यांची साखर चढली. स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नाहीशा होत गेल्या. निकाल २००१ मध्ये छापून आला.

का बरं तिथेच? बीटा पेशी म्हणजे दिवसरात्र पाळी चालणारी गिरणी. तिचं सगळं काम इन्शुलिन बनवून बाहेर पाठवण्याचं, म्हणजे घडी घालण्याच्या खात्यावर कायम गर्दी. तिथला पहारेकरी गेला तर सगळ्यात आधी तीच बसणार.

आणि याच सुमाराला, २००० मध्ये, एका दुर्मीळ आजाराचं मूळ सापडलं होतं. वोल्कॉट-रॅलिसन नावाच्या या आजारात तान्ह्या बाळाला मधुमेह होतो, हाडंही नीट वाढत नाहीत. या मुलांमध्ये जे जनुक बिघडलेलं निघालं ते पर्कचंच. एकीकडे आजारी मूल आणि दुसरीकडे उंदीर, दोन्हीकडे तोच पुठ्ठा गहाळ.

गोष्ट इथे संपली असती तर छान सोपी झाली असती. २००६ मध्ये दुसऱ्या एका गटानं पर्क फक्त निवडक पेशींतून आणि निवडक वयात काढून पाहिलं. त्यांचं म्हणणं वेगळं पडलं: बीटा पेशी कामाच्या बोज्यानं मरतात हे खरं कारण नाही, जन्माच्या आसपास त्या मुळातच पुरेशा वाढत नाहीत. मोठ्या उंदरात पर्क काढलं तर बिघडतं की नाही, यावर त्यानंतरही उलटसुलट निकाल आले. विद्यार्थ्यांना मी ही भांडणं आवर्जून सांगतो. पाठ्यपुस्तकात निकाल तेवढा उरतो, त्यामागची खेचाखेची गळून जाते.

## कळ दाबलेली राहिली तर

पर्क नसला की वाईट, मग जास्त असला की चांगलं का? तेही नाही.

जपानमधल्या अकिता शहराचं नाव मिळालेला एक उंदीर आहे. त्याच्या इन्शुलिनच्या जनुकात आपोआप एक चूक झाली. त्यामुळे इन्शुलिनची घडी नीट बसत नाही, बीटा पेशी कायम ताणाखाली राहतात आणि शेवटी स्वतःला संपवतात. 'संपव' हा हुकूम पुढे नेणारं एक प्रथिन आहे. संशोधकांनी अकिता उंदरातून त्याचंच जनुक काढलं. मधुमेह टळला नाही, पण आठ-दहा आठवडे लांबला. ज्याचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं, त्याला हे थोडं नाही. पुढे काही बाळांच्या मधुमेहामागेही इन्शुलिनच्या जनुकातल्या अशाच चुका सापडल्या.

मागावरचा ताणा जसा, तसंच हे. सैल पडला तर कापड झोळ खातं, जास्त ओढला तर धागे तटातट तुटतात. थोडा वेळ चालणारा ताण-प्रतिसाद पेशीला वाचवतो, महिनोन्‌महिने चालू राहिला तर तिला खातो. ही 'किती वेळ' आणि 'कुठल्या अवयवात' ची गणितं यीस्टमध्ये सुटत नाहीत.

औषधाच्या वाटेवर याचा थेट उपयोग झाला. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या लेस्टरच्या संशोधकांनी मेंदू झिजवणाऱ्या प्रिऑन आजाराच्या उंदरांना पर्क रोखणारं औषध दिलं. मेंदूच्या पेशी वाचल्या. पण उंदरांचं वजन घटलं आणि स्वादुपिंडाला त्रास झाला. पर्क नसलेल्या उंदरानं बारा वर्षं आधीच हा इशारा देऊन ठेवला होता. मग संशोधकांनी कळ पूर्ण न सोडता थोडीच ढिली करणारं दुसरं रसायन वापरलं. २०१५ च्या निकालात मेंदू वाचला आणि स्वादुपिंडही शाबूत राहिलं.

## पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे!

बरोबर आहे, आणि याचा ताजा दाखलाही आहे. थोडी ढिली करणाऱ्या त्याच जातीची दोन औषधं एएलएस या स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या रुग्णांवर तपासली गेली. २०२५ च्या सुरुवातीला निकाल आले. आजाराचा वेग काही मंदावला नव्हता. उंदरावर चाललेलं माणसावर चालेलच अशी हमी कुणी देत असेल, तर तो शास्त्रज्ञ नव्हे, जाहिरातवाला.

आणखी एक भानगड आहे, सोलापुरात बसून तिचं जास्तच हसू येतं. काही वर्षांपूर्वी मी एका प्रयोगशाळेचं उंदीरघर पाहिलं. पायात आवरणं, डोक्याला टोपी, आत गेल्यावर एसीची गार हवा, बावीस अंश. घामानं निथळत आलेल्या मला स्वर्ग वाटला. काळे उंदीर मात्र कापसाच्या घरट्यात एकमेकांच्या अंगावर चढून गोळा झाले होते. एकेकाच्या कानाला ओळखण्यासाठी पाडलेली बारीक खाच. मला वाटलं झोपलेत. नंतर कळलं की उंदराला सुखाची वाटणारी हवा तीस अंशांच्या आसपासची असते. बावीस अंश आपल्याला सोयीचे, उंदीर बिचारा थंडीशी झुंजत असतो. म्हणजे ज्या प्राण्यावर ताणाचा अभ्यास करायचा, तो प्रयोगाआधीच थोडा ताणात! आता बरेच गट तीस अंशांवरही प्रयोग करून पाहतात, आणि काही वेळा निकाल बदलतात.

शिवाय एक जनुक काढलं की कधी कधी दुसरं त्याची जागा भरून काढतं आणि काहीच बिघडलेलं दिसत नाही. म्हणून एका उंदराचा पुरावा एकटा चालत नाही. ताटलीतल्या पेशी, रुग्णांची जनुकं आणि उंदीर, तिघांचं एकमत झालं की मग बोलायचं.

## मुक्या जिवाचे हाल नाहीत का?

आहेत. यावर गोड बोलून वेळ मारून नेण्यात अर्थ नाही. आजारी पाडलेला उंदीर आजारी असतोच. भारतात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्याखाली प्रत्येक संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी लागते आणि त्या समितीत विज्ञानाबाहेरची एक व्यक्तीही असते. जगभर १९५९ पासून तीन कसोट्या मानतात: प्राण्याऐवजी दुसरं काही चालेल का, कमी प्राण्यांत भागेल का, वेदना कमी करता येतील का. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी २०१४ मध्ये बंद झाली. २०२३ मध्ये औषधांच्या नियमांत बदल होऊन प्राण्यांविना होणाऱ्या चाचण्यांनाही जागा मिळाली. लिपस्टिकसाठी उंदीर नको, याला माझा दोन्ही हातांनी पाठिंबा. वोल्कॉट-रॅलिसनच्या बाळासाठी हवा का, असं विचाराल तर मी हो म्हणेन. तुम्ही नाही म्हणालात तर तुम्हाला मूर्ख म्हणणार नाही.

हे उंदीर सुटून आपल्या ज्वारीच्या कणगीत आले तर, ही भीती मात्र सोडून द्या. जनुकं बदललेल्या जीवांसाठी १९८९ चे वेगळे नियम आहेत आणि ते बंदिस्तच ठेवावे लागतात. तसंही पर्क नसलेला, मधुमेही उंदीर आपल्या गल्लीतल्या मांजरापुढे किती टिकेल?

## आपल्या उन्हाचं काय?

अण्णांचा खरा रस इथे होता. तापलेल्या पेशीत मोडलेल्या घड्या दुरुस्त करायला लावणारा एक मुकादम आहे, एचएसएफ-१. आधी थोडा ताप सोसलेली पेशी नंतरचा जास्त ताप सोसू शकते, तो याच्यामुळे. त्याचं जनुक काढलेल्या उंदरांच्या पेशींत ही तयारी होत नाही.

मग या मुकादमाला जागवणारी गोळी घेऊन मे महिन्यात शेडमध्ये उतरावं का? २००७ मध्ये आलेला निकाल असा: एचएसएफ-१ नसलेल्या उंदरांना कर्करोगाच्या गाठी कमी झाल्या. गाठीतल्या पेशीही ताणाखालीच जगतात, आणि हा मुकादम त्यांनाही तितक्याच इमानदारीनं मदत करतो. त्याला आपली पेशी कोणती आणि गाठीतली कोणती हे कळत नाही. त्यात उंदीर आपल्यासारखा घामही गाळत नाही, उकडलं की अंगावर लाळ पसरवतो. त्यामुळे उन्हाच्या बाबतीत त्याच्याकडून पेशीचं शिकावं, अख्ख्या माणसाचं नाही.

अण्णांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि जॉबरला शोभेल असा प्रश्न टाकला. "ते पुठ्ठा परत घालून बघतात का नाही? नुसतं काढून काय कळतंय? दोष दुसरीकडंबी असू शकतोय की."

हा प्रश्न माझ्या वर्गात कुणी विचारत नाही. घालतात, म्हटलं. काढलेलं जनुक परत दिल्यावर उंदीर बरा झाला, तरच दोष त्याच पुठ्ठ्याचा होता असं मानतात. अण्णांनी मान डोलावली. तेवढ्यात कोपऱ्यातला एक माग थांबला आणि ते पाना उचलून तिकडे निघाले.